माहेरीं आलेले शब्द



आजच्या भाषणाचा विषय ऐकून वडीलधाऱ्या मंडळींपैकीं कित्येकांस नवल वाटेल, आणि थोडें हंसूंही येईल. जपानी चित्रकथा आणि जपानी चलच्चित्रें यांच्या छंदांत रमलेल्या आपल्या मुलांच्या तोंडीं जे जपानी शब्द बसले आहेत, त्यांच्या कुळाची थोडी चौकशी मला आज करावयाची आहे. या चित्रकथांस जपानी लोक ‘मांगा’ म्हणतात आणि चलच्चित्रांस ‘आनिमे’ म्हणतात. पुण्यामुंबईची गोष्ट सोडून द्या. पण आमच्या बारामती-इंदापुराकडे, उसाच्या मळ्यांच्या आणि साखर कारखान्यांच्या मुलखांतही, आज शाळेंतील एखादा मुलगा वरच्या वर्गांतील मुलास ‘सेंपाई’ म्हणून हांक मारतो, आणि एखादी मुलगी मांजराचें पिल्लू पाहून ‘कावाई’ म्हणते. मग घरांतील आजोबा विचारतात, ‘हें काय बरळणें चाललें आहे?’

या प्रश्नास आपल्या समाजांत दोन प्रकारचीं उत्तरें मिळतात. एक उत्तर रागाचें. तें असें कीं, हीं सारीं परक्यांचीं थेरें आहेत. त्यांनीं मुलांची भाषा बिघडते. तीं बंद करावीं. दुसरें उत्तर अभिमानाचें. तें असें कीं, जपान्यांजवळ जें कांहीं आहे तें सारें मूळचें आपलेंच. तेव्हां त्यांत नवें तें काय? पहिल्या उत्तरांत तिरस्कार आहे, दुसऱ्यांत गर्व आहे. आणि दोहोंतही जी एक गोष्ट नाहीं, ती म्हणजे चौकशी. ती केली असतां काय आढळतें, तें आपण पाहूं.

प्रथम आजोबांचीच झडती घेऊं. सकाळचा चहा घेतांना वर्तमानपत्रांतील जें अंकांचें कोडें ते सोडवितात, त्याचें नांव ‘सुडोकू’. एका लांबलचक जपानी वाक्याचें हें आखूड केलेलें रूप असून, अंक एकेकटाच असावा, असा त्याचा आशय आहे. फोनवरून नातवंडांस निरोप धाडतांना जें हंसरें किंवा रडवें तोंड ते शेवटीं लावतात, त्यास ‘इमोजी’ म्हणतात. ‘ए’ म्हणजे चित्र आणि ‘मोजि’ म्हणजे अक्षर, मिळून चित्राक्षर. मंडईंतून घरीं येण्यासाठीं ते ज्या वाहनांत बसतात, ती रिक्षा. माणसाच्या बळावर चालणारी गाडी, या अर्थाचा ‘जिनरिकिशा’ हा मूळ जपानी शब्द. आणि तें वाहन जपानांत १८६९ च्या सुमारास निघालें. शब्दाचा पुढचा तुकडा गळाला, मागचा राहिला. पुढें माणसाऐवजीं यंत्र ती गाडी ओढूं लागलें, तरी नांव तेंच चाललें. मराठीनें त्या शब्दास स्त्रीलिंग दिलें, त्याचा ‘रिक्षावाला’ केला, आणि तो कोठून आला हें ती विसरूनही गेली. शिरीष पै यांनीं मराठींत रुजविलेला ‘हायकू’ हा काव्यप्रकार, आणि २००४ सालच्या प्रलयानंतर घरोघर ऐकूं आलेला ‘त्सुनामी’ हा शब्द, हेही त्याच गोत्राचे. तेव्हां नातवाच्या तोंडीं जपानी शब्द आला म्हणून आजोबांनीं चकित होण्याचें कारण नाहीं. दोघांत भेद इतकाच कीं, नातवास आपला शब्द कोठला हें ठाऊक आहे.

आतां मुलांच्या शब्दांकडे वळूं. ‘सेन्सेई’ म्हणजे गुरुजी. हा शब्द ज्या दोन चिनी अक्षरांनीं लिहितात, त्यांचा शब्दशः अर्थ ‘आधीं जन्मलेला’ असा आहे. ‘सेंपाई’ म्हणजे शाळेंत किंवा कचेरींत आपल्या आधीं दाखल झालेला, आणि ‘कोहाई’ म्हणजे आपल्यामागून आलेला. एखाद्याच्या नांवास ‘सान्’ जोडला म्हणजे आपल्याकडे ‘राव’ किंवा ‘बाई’ जोडल्यासारखें होतें. ‘सामा’ जोडला तर आदर वाढतो. ‘कुन्’ हा बरोबरीच्या किंवा धाकट्या मुलास, आणि ‘चान्’ हा लाडक्यास. ‘ओनीसान्’ म्हणजे दादा, ‘ओनेसान्’ म्हणजे ताई आणि ‘ओजीसान्’ म्हणजे आजोबा. रक्ताचें कांहींएक नातें नसलेल्या अनोळखी माणसास जसे आपण दादा, मावशी, आजोबा म्हणतों, तसेंच जपानी माणूसही म्हणतो.

घराबाहेर पडतांना जपानी मूल ‘इत्ते किमासु’ म्हणतें. त्याचा अक्षरशः अर्थ ‘जाऊन येतों’. घरांतून उत्तर येतें, त्याचा अर्थ ‘जाऊन ये’. ज्या मराठी घरांत नुसतें ‘जातों’ म्हणणें अशुभ मानतात, त्या घरास हें भाषांतर करून सांगावें लागत नाहीं. येथें कोणीं कोणापासून कांहीं घेतलेलें नाहीं. उंबरठा ओलांडणाऱ्या लेंकराविषयीं दोन्हीं घरांत जी काळजी असते, तिनें आपापल्या भाषेंत तोच शब्दप्रयोग घडविला आहे.

‘कावाई’ या शब्दाचा प्रवास तर मनोरंजक आहे. आज त्याचा अर्थ गोजिरवाणें, गोंडस असा आहे. पण ज्या जुन्या शब्दापासून तो निघाला, त्याचा अर्थ लाजेनें तोंड तापणें असा होता. तेथून तो कींव येण्याजोगें या अर्थावर आला, आणि कींव येतां येतां माया उत्पन्न झाली. ‘ओताकु’ हा शब्द अशा चित्रकथांच्या वेड्या शौकिनास लावतात. त्याचा मूळ अर्थ ‘आपलें घर’ असून समोरच्या माणसास अदबीनें ‘आपण’ म्हणण्याकरितां तो वापरीत. हे शौकीन एकमेकांस या भारदस्त संबोधनानें हांक मारीत, म्हणून १९८३ सालीं एका जपानी लेखकानें त्या साऱ्या मंडळीसच तें नांव दिलें. ‘मांगा’ हा शब्द होकुसाई या थोर चित्रकाराच्या, १८१४ पासून प्रसिद्ध होऊं लागलेल्या, चित्रवह्यांनीं लोकांच्या तोंडीं आणला. आणि ‘आनिमे’? हा तर इंग्रजी ‘ॲनिमेशन’ या शब्दाचा तोडलेला तुकडा आहे! ज्या कलेस आपण केवळ जपानी म्हणतों, तिचें नांवही अर्धें उसनें आहे.

येथवरच्या शब्दांत आपलें असें कांहीं नाहीं. परंतु मुलांच्या याच शब्दसंग्रहांत दुसरा एक वर्ग आहे, आणि तेथें इतिहास आपणांस थांबवून घेतो.

सहाव्या शतकाच्या मध्यास कोरियांतील एका राज्याकडून बौद्ध धर्म जपानच्या दरबारीं पोहोंचला. त्याच्या पोथ्या मूळ भारतीय भाषांतल्या, परंतु चिनी भाषांतर झालेल्या होत्या. चिनी पंडितांनीं भाषांतर करितांना, ज्या शब्दांचें भाषांतर होण्याजोगें नव्हतें, ते ध्वनि पाहून तसेच उतरून घेतले. पण चिनी लिपींत आपल्यासारखे सुटे वर्ण नाहींत. तेथें प्रत्येक अक्षर हा एक अखंड उच्चार असतो. म्हणून संस्कृत शब्द जवळपासच्या चिनी उच्चारांत बसवावा लागला. पुढें तींच अक्षरें जपानी माणसानें आपल्या वळणानें वाचलीं. अशा दोन गाळण्यांतून गळून शब्द बाहेर आला, तेव्हां त्याचा चेहरा पार बदलला होता. ‘क्षण’ हा शब्द जपानांत ‘सेत्सुना’ झाला. ‘नरक’ हा ‘नाराकु’ झाला. त्यांच्या काबुकी नाटकगृहांत रंगभूमीच्या खालच्या अंधाऱ्या तळघरासही ‘नाराकु’च म्हणतात. ‘यम’ हा ‘एम्मा’ झाला. ‘असुर’ प्रथम ‘आशुरा’ आणि मग नुसता ‘शुरा’ झाला. आणि जेथें तुंबळ भांडण माजतें त्या जागेस ‘शुराबा’ म्हणूं लागले. ‘होम’ हा ‘गोमा’ झाला, ‘स्तूप’ हा ‘सोतोबा’ झाला. ‘ध्यान’ या शब्दाचें प्राकृत वळणाचें रूप चीनमध्यें ‘चान्’ झालें आणि जपानांत ‘झेन’. भगवान् बुद्धांच्या अस्थींस ‘शरीर’ म्हणत; त्याचा ‘शारि’ झाला, आणि पांढऱ्या कणांच्या साम्यावरून जपानी आचारी सुशीच्या भातासही ‘शारि’ म्हणतो. घरावरील कौलास तिकडे ‘कावारा’ म्हणतात. त्याचें मूळ ‘कपाल’ या शब्दांत आहे, असें कित्येक कोशकार मानतात.

या साऱ्यांत मला अत्यंत लोभस वाटतो तो ‘दान’ हा शब्द. पुणें जिल्ह्यांतच कार्ले आणि जुन्नर येथील लेण्यांच्या भिंतींवर, कोणीं खांब दिला, कोणीं टांकें खोदविलें, हें ब्राह्मी अक्षरांत कोरलेलें आहे. दात्यांचीं नांवें दोन हजार वर्षें तेथें उभीं आहेत. हाच ‘दान’ शब्द जपानांत ‘दान्ना’ झाला. प्रथम त्याचा अर्थ भिक्षूंस दान देणारा यजमान. पुढें कोणाही नोकराचा धनी. आणि शेवटीं, घरांत मिळवून आणणारा, म्हणजे बायकोचा नवरा! आज जपानी गृहिणी आपल्या घरधन्याविषयीं बोलतांना ‘दान्ना’ म्हणते, तेव्हां तिच्या मनांत दानाची कल्पनाही नसते.

आतां मुलांच्या आवडत्या चित्रकथा घ्या. रुमिको ताकाहाशी या लेखिकेची ‘इनुयाशा’ ही कथा १९९६ पासून २००८ पर्यंत क्रमशः प्रसिद्ध झाली. ‘इनु’ म्हणजे कुत्रा, आणि ‘याशा’ म्हणजे आपला ‘यक्ष’. त्या कथेंतील खलपुरुषाचें नांव ‘नाराकु’, म्हणजे नरक. मासाशी किशिमोतो यांच्या ‘नारुतो’ या १९९९ पासून २०१४ पर्यंत चाललेल्या कथेंत इंद्र आणि आशुरा या नांवांचे दोन भाऊ परस्परांचे वैरी आहेत, आणि तिचे वीर ज्या शक्तीनें लढतात तिचें नांव ‘चक्र’. देवासुरांचें वैर आपण पुराणांत ऐकिलें. तें नातवानें चित्रांत पाहिलें.

हे शब्द तिकडे नेले ते फौजांनीं नव्हे. बोधिसेन नांवाचा एक भारतीय भिक्षु ७३६ सालीं जपानांत पोहोंचला. आणि ७५२ सालीं नारा येथील प्रचंड बुद्धमूर्तीचे नेत्र उघडण्याचा विधि त्याच्याच हस्तें झाला. पुढें कूकाई हा जपानी भिक्षु ८०४ सालीं चीनमध्यें गेला, तेथें प्रज्ञ नांवाच्या भारतीय पंडिताजवळ त्यानें संस्कृताचा अभ्यास केला, आणि ८०६ सालीं तो एक लिपि घेऊन स्वदेशीं परतला. त्या लिपीचें नांव ‘सिद्धम्’; जपानी उच्चार ‘शित्तान्’.

हा शब्द ऐकतांच माझ्यासारख्या जुन्या शाळामास्तराचे कान टंवकारले जातात. कारण पूर्वीं पंतोजीच्या शाळेंत मूल धुळपाटीवर पहिलीं अक्षरें गिरवी, तीं ‘ॐ नमः सिद्धम्’ हीं होतीं. त्याचेंच ‘ओनामासीधं’ झालें, आणि कोणत्याही कामाच्या आरंभास ‘ओनामा’ म्हणण्याचा प्रघात मराठींत पडला. आपल्याकडे पंतोजी गेले, धुळपाटी गेली, आणि ‘सिद्धम्’ हा शब्द फक्त एका वाक्प्रचारांत उरला. जपानांत मात्र तीं अक्षरें अद्यापि जिवंत आहेत. मृतांच्या स्मरणार्थ उभारलेल्या लांकडी फळ्यांवर तीं लिहिलीं जातात, आणि त्या फळ्यांचें नांवही ‘सोतोबा’, म्हणजे स्तूपच.

याहून मोठी गोष्ट पुढेंच आहे. जपानी मूल आज शाळेंत जो अक्षरक्रम पाठ करितें, तो असा: प्रथम आ, इ, उ, ए, ओ हे पांच स्वर, आणि मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा या ओळी. हा क्रम ‘सिद्धम्’ लिपीच्या अभ्यासक भिक्षूंनीं हजार वर्षांपूर्वीं आपल्या वर्णमालेवरून बसविला. स्वरांचा क्रम तोच. क-वर्गाच्या जागीं का. च-वर्गाच्या जागीं सा. त-वर्ग आणि त्याच्या शेवटचा न. आणि पुढें य, र, व. परंतु जेथें प, फ, ब, भ हे ओष्ठ्य वर्ण यावयाचे, तेथें ‘हा’ कसा आला? आपल्या मुळाक्षरांत तर ‘ह’ अगदीं शेवटीं असतो. उत्तर असें कीं, प्राचीन जपानींत या ओळीचा उच्चार ‘पा’ असा होता. कालांतरानें ओंठ मिटणें सुटलें, ‘पा’ चा ‘फा’ व पुढें ‘हा’ झाला. पण रांगेंतील जागा हालली नाहीं. ‘निप्पोन’ आणि ‘निहोन’ हीं एकाच देशाचीं दोन नांवें याची साक्ष देतात. आपला ‘पात्र’ शब्द चीनमध्यें ‘पात्’ सारखा झाला आणि जपानांत शेवटीं ‘हाचि’ होऊन बसला, तोही याच नियमानें. आज तेथें वाडग्यास आणि फुलझाडाच्या कुंडीसही ‘हाचि’ म्हणतात.

ओष्ठ्य वर्णांची ही गोष्ट बारामतीकरांस सांगावयास मला विशेष आनंद वाटतो. १७२९ सालीं पन्हाळ्यास जन्मलेले मोरोपंत पराडकर बाबूजी नाईकांच्या आश्रयानें बारामतीस राहिले, आणि १७९४ सालीं तेथेंच त्यांनीं देह ठेविला. त्यांनीं जीं नानाविध रामायणें रचिलीं, त्यांत एक ‘निरोष्ठ रामायण’ आहे. ओंठास ओंठ लागेल असा एकही वर्ण न वापरतां त्यांनीं तें पूर्ण केलें. वर्ण कंठांतून निघतो कीं तालूपासून कीं ओंठांतून, याचें जें सूक्ष्म ज्ञान कऱ्हेच्या काठीं बसलेल्या या कवीजवळ होतें, त्याच ज्ञानाच्या बळावर जपानी भिक्षूंनीं आपल्या भाषेचे उच्चार रांगेनें मांडले. दोघांस एकमेकांची वार्ताही नव्हती. पण दोघांचा ओनामा एकच होता. आणि रामायणाचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतों कीं, युगो साको या जपानी दिग्दर्शकानें आपल्या राम मोहन यांच्या सहकार्यानें रामकथेचें एक चलच्चित्र १९९२ सालीं पुरें केलें. जानेवारी २०२५ मध्यें तें आपल्याकडील चित्रगृहांत पुन्हा लागलें.

परंतु येथें थोडें थांबून सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. इतकीं उदाहरणें ऐकून कोणासही वाटूं लागेल कीं, ओळखीचा ध्वनि दिसला कीं तो आपलाच. ही चूक आहे. जपानींत नांवास ‘नामाए’ म्हणतात. हा आपला ‘नाम’ नव्हे. हें केवळ ध्वनिसाम्य आहे. ‘आरिगातो’ म्हणजे आभारी आहें. पोर्तुगीज भाषेंतील आभाराचा शब्द ऐकावयास तसाच लागतो, म्हणून तो तेथून आला अशी एक लोकसमजूत आहे. पण पोर्तुगीज लोक जपानांत उतरले १५४३ सालीं, आणि हा शब्द त्यापूर्वींच्या जपानी ग्रंथांत सांपडतो. त्याचा मूळ अर्थ ‘असणें कठीण’, म्हणजे दुर्लभ, असा आहे. ‘नारुतो’ कथेंतील ‘शारिंगान्’ हा मायावी डोळा ऐकतांना संस्कृतासारखा वाटतो, परंतु तो तीन चिनी अक्षरांचा जोड असून त्यांचा अर्थ नक्कल, चाक आणि डोळा असा आहे. ‘बाका’, म्हणजे मूर्ख, हा मुलांचा लाडका शब्द ‘मोह’ या शब्दापासून आला असें कांहीं विद्वानांचें मत आहे. पण इतरांस तें मान्य नाहीं. शब्दाचें कूळ ठरवितांना चेहरा पाहून भागत नाहीं. तो कोणत्या वाटेनें, कोणाबरोबर, केव्हां गेला, याचा दाखला लागतो. ‘यक्ष’ आणि ‘याशा’ यांच्यामध्यें चिनी पोथ्यांचा दाखला आहे, म्हणून तें नातें खरें.

आणि जो दुसऱ्यास शब्द देतो, तो दुसऱ्याकडून घेतोही. पोर्तुगीजांनीं १५१० सालीं गोवें घेतलें, आणि त्यांच्या भाषेंतील भाजलेल्या कणकेचा शब्द मराठींत ‘पाव’ झाला. तोच शब्द जपानांत ‘पान्’ झाला. आज इंदापुरच्या बसस्थानकावर वडापाव खाणारा मुलगा आणि तोकियोंतील पाव खाणारा मुलगा, दोघेही एकाच पोर्तुगीज भटारखान्याचे ऋणी आहेत. खुद्द इंदापूरचीच गोष्ट पाहा. मालोजीराजे भोसल्यांच्या गढीनें ओळखलें जाणारें हें गांव जुन्या कागदांत ‘कसबा इंदापूर, परगणा इंदापूर’ असें लिहिलेलें असे. कसबा आणि परगणा हे दोन्ही शब्द बाहेरून आलेले. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें राज्यव्यवहारकोश तयार झाला, फारसी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द योजिले गेले, आणि त्यांतील कांहीं रूढही झाले. तथापि जमा, खर्च, बाकी, वसूल, जकात हे शब्द हिशेबाच्या वहींतून हालले नाहींत. त्यांस रोजचें काम मिळालें होतें. आणि ज्या शब्दास रोजचें काम मिळतें, त्यास भाषा घराबाहेर काढीत नाहीं.

या इंदापूर परगण्याचा १७६१ पासून १८२८ पर्यंतचा सामाजिक व आर्थिक इतिहास ज्यानें पुणें विद्यापीठांत प्रबंधरूपानें मांडला, तो संशोधक कोण होता, हें फारच थोड्या इंदापूरकरांस ठाऊक असेल. त्याचें नांव मिचिहिरो ओगावा, देश जपान. त्याच्याही पूर्वीं हिरोशी फुकाझावा यांनीं मध्ययुगीन दख्खनच्या गांवगाड्यावर ग्रंथ लिहिला आणि हिरोयुकी कोतानी यांनीं वतनदारीचा अभ्यास केला. विचार करा. एक जपानी तरुण पुण्यास येतो, मराठी शिकतो, मोडी वाचावयास शिकतो, आणि पेशवे दफ्तरांतील रुमाल सोडून आपल्या पाटील-कुलकर्ण्यांचे, आपल्या जकातीचे कागद अक्षर अक्षर लावीत बसतो. जी मोडी आपल्या घरांतून दोन पिढ्यांत नाहींशी झाली, ती वाचून तो आपल्यास आपल्याच गांवाचा हिशेब सांगतो. ‘हे परक्यांचे शब्द मला कशाला?’ असें त्यानें म्हटलें असतें, तर इंदापूरच्या इतिहासाचें तें पान आपणांसही मिटलेलेंच राहिलें असतें.

म्हणून मुलांच्या जपानी शब्दांकडे कोणत्या नजरेनें पाहावें, याविषयीं माझें मत सांगतों. आपल्याकडे मुलगी सासरीं गेली म्हणजे तिचें नांव बदलण्याची चाल होती. ती कांहीं वर्षांनीं माहेरीं येई, तेव्हां तिच्या अंगावर सासरचीं वस्त्रें असत, तिच्या बोलण्यांत सासरचें वळण असे, आणि तिला नव्या नांवानें हांक मारीत. शहाणे आईबाप तिला दारांतून परत पाठवीत नसत. आणि ‘ही तर आमचीच, आतां आम्ही हिला ठेवून घेणार,’ असेंही म्हणत नसत. तिची विचारपूस करीत, तिच्या घरची हकीकत ऐकत, आणि पाहुणचार करून तिला पोहोंचवीत. ‘दान्ना’, ‘नाराकु’, ‘याशा’, ‘सेत्सुना’ हे शब्द अशाच माहेरवाशिणी आहेत. त्या आतां जपानच्या घरच्या आहेत. आणि ज्यांचें माहेर आपल्याकडे नाहीं, ते ‘सेंपाई’ आणि ‘कावाई’ हे शब्द पाहुणे आहेत. पाहुण्यासही मराठी घर पाणी विचारतेंच.

या प्रश्नांत खरी धास्ती दुसरीच आहे. ‘याशा’ ठाऊक असलेल्या मुलास ‘यक्ष’ ठाऊक नाहीं. सरोवराच्या कांठीं युधिष्ठिरास प्रश्न विचारणारा यक्ष त्यानें ऐकिलेला नसतो. ‘यक्षप्रश्न’ हा शब्द त्याला पाठ्यपुस्तकांतला एक अवघड शब्द वाटतो. याचा दोष जपानी चित्रकथांवर टाकणें सोपें आहे. पण ज्या मुलानें आनंदानें ‘याशा’ म्हटलें, त्यास ‘यक्षा’ची गोष्ट सांगण्याची याहून चांगली वेळ कोणती? त्या क्षणीं आजोबा ओरडले, तर मूल जपानी शब्द बोलावयाचें थांबत नाहीं. तें आजोबांसमोर बोलावयाचें थांबतें. त्याचा ‘याशा’ एका खोलींत राहतो, आजोबांचा ‘यक्ष’ दुसऱ्या खोलींत, आणि मधला दरवाजा बंद होतो. नुकसान होतें तें या बंद दरवाज्यानें.

तेव्हां पालकांस माझी सूचना अगदीं लहान आहे. घरांत एक वही करावी, आणि तिच्या पानावर तीन रकाने आंखावे. पहिल्यांत मुलानें आपला जपानी शब्द लिहावा. दुसऱ्यांत त्याचा अर्थ. तिसरा रकाना वडील माणसानें भरावा: त्या अर्थाचा मराठी शब्द, किंवा त्या शब्दाचें कूळ, किंवा त्यावरून आठवलेली गोष्ट. जेथें कूळ सांपडणार नाहीं, तेथें ओढून ताणून जुळवूं नये. तो रकाना कोरा ठेवावा, आणि मुलासच शोध करावयास सांगावें. शाळेंतील शिक्षकांनींही वर्णमाला शिकवितांना फळ्यावर शेजारीं जपानी ओळ मांडून दाखवावी. मुळाक्षरें ही पाठ करण्याची कटकट नसून मनुष्याच्या तोंडाचा एक शास्त्रशुद्ध नकाशा आहे, हें मुलांस चटकन् उमजेल. पुण्यास जपानी भाषा शिकण्याची सोय आहे. आज हौसेनें शब्द वेंचणाऱ्या मुलामुलींपैकीं एखादें उद्यां ती भाषा नीट शिकेल. आणि ज्या चिकाटीनें जपानी संशोधकानें इंदापूरचे कागद वाचले, त्याच चिकाटीनें नारा येथील जुन्या पोथ्या वाचणारें कोणी बारामती-इंदापुराकडून निघालें, तर एक जुनें ऋण फिटेल.